बाळंतपणाचं कार्ड नेमकं कोणाजवळ असावं?

रानमेवा
रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे फक्त वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. लांबेल, सांभाळून घ्या.

मी नागपुरात मानेवाड्याकडे राहते, माहेर काटोल तालुक्यात. दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, कुही तालुक्यातली. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि रीतीप्रमाणे ती माहेरी गेली. तिची बॅग मीच भरली होती म्हणून काय काय गेलं ते पाठ आहे मला, साड्या, गाऊन, आईने जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या दुपट्या, डिंक, खारका, सगळं. फक्त माता बाल संरक्षण कार्ड, गरोदरपणातल्या तपासण्या लिहितात ते, गेलं नाही. ते आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या लॉकरात, दादाच्या पासबुकासोबत. मातृवंदना योजनेला ते कार्ड लागतं ना, पहिले ३००० आलेले आणि २००० बाळ झाल्यावर यायचे होते, म्हणून आई म्हणाली, "तिकडं नेऊन हारपलं तं पैसे गेले." आणि मी पण काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही ते योजनेचंच कार्ड वाटायचं.

मे महिन्यात एका रात्री साडेअकराला तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यापुढे काजवे. घरच्यांना वाटलं ऊन लागलं, दुपारी बाहेर गेली होती. कांदा फोडून लावला, पाणी पाजलं. तास गेला तरी थांबेना तेव्हा तिच्या भावाने गाडी केली आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे बीपी निघाला १६०/११०. आणि मग प्रश्न सुरू झाले. कितवा आठवडा? आधी बीपी किती असायचा? लघवीत काही निघालं होतं का? रक्तगट कोणता?

वहिनी अर्धवट ग्लानीत. तिची आई म्हणते आठवा असेल. पाळीची तारीख विचारली तर वहिनी म्हणाली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पण पोळा कधी होता ते त्या धावपळीत कोणाला आठवेना. बीपीचं म्हणाल तर "नॉर्मल हाये म्हणत होत्या नर्सबाई" एवढंच. रक्तगट बहुतेक ओ पॉझिटिव्ह. बहुतेक!

रात्री एकला दादाला फोन. लॉकरची चावी आईच्या उशाखाली. दादाने घाईघाईत फोटो काढून पाठवला तो कार्डाच्या बाळाच्या बाजूचा, लसीकरणाचे कोरे रकाने. पुन्हा फोन, पुन्हा फोटो, हललेला. तिसरा फोटो नीट आला तोवर पावणेदोन झाले होते. आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं हो. रक्तगट ओ निगेटिव्ह. बीपी आधी ११०/७०, मग १२२/८०, मग माहेरी जायच्या आधीचा १३६/८८. त्याच्यापुढे दोन महिन्यांचे रकाने रिकामे, कारण माहेरच्या गावी तपासायला गेली तर "तिकडचं कार्ड घेऊन या" म्हणून परत पाठवली, आणि तिने भिडेपोटी हे आम्हाला सांगितलं सुद्धा नाही.

झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन देऊन तिला ॲम्ब्युलन्सने नागपूरला पाठवलं. दोघं सुखरूप आहेत, मुलगी झाली, पावणेतीन किलोची. दादा पहाटे कार्ड खिशात घालून मोटरसायकलवर आला. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तेव्हा वहिनीला ते अँटी-डी इंजेक्शन (आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका राहू नये म्हणून देतात ते) ७२ तासांच्या आत मिळालं. रक्तगट दवाखान्यात पुन्हा तपासतातच हे मला आता कळलंय, पण ती पाऊण तासाची शोधाशोध मी विसरू शकत नाही.

आता मुद्दा. पुढच्या रविवारी गावात आईच्या बचत गटाची बैठक आहे आणि मला तिथे या कार्डाबद्दल बोलायचंय. कार्ड कुठे ठेवायचं, कोणी ठेवायचं, त्यात काय बघायचं. मी नर्स नाही, डॉक्टर नाही. इथे आशाताई, सिस्टर लोक आहेत हे माहितीय मला. सांगा काय काय बोलू.

कन्हानकाठ
सोमवार, सकाळी ७.२५

ताई तुमची पोस्ट वाचून काटा आला अंगावर. मी मौदा तालुक्यात आशा आहे, बारा वर्षं झाली. तुमच्या आईंसारखं आमच्या गावात निम्म्या घरी आहे. कार्ड ट्रंकेत, कार्ड तांदळाच्या कोठीत, कार्ड सासऱ्याच्या पिशवीत सातबाऱ्यासोबत. का तं पैशाचं कार्ड आहे म्हणून जपून ठेवतात. जपतात खूप पण जिचं आहे तिच्या हातात नसते ते.

मी आता काय करते सांगते. नाव नोंदवलं (बारा आठवड्याच्या आत नोंदवायचं, दिवस गेले का लगेच सांगत जा बायांनो, तिसऱ्या महिन्यापर्यंत लपवू नका) की कार्ड त्या पोरीच्याच हातात देते, सासूच्या नाही, नवऱ्याच्या नाही. आणि साडीच्या दुकानातून जे झिपचं पारदर्शक कव्हर भेटते ना त्याच्यात घालायला लावते. फुकटचं असते आणि मजबूत असते. नुसतं ठेवलं तर कार्ड घडीवर फाटते आणि नेमकी तपासणीच्या रकान्यांवरूनच घडी जाते. पावसाळ्यात कवेलूचं घर गळते, उन्हाळ्यात घामाने शाई पसरते, उंदरं आहेतच.

माहेरी जायच्या आधी मला सांगा म्हणून मी डोहाळजेवणातच जाऊन बसते. तिच्या माहेरच्या आशाचा नंबर मी शोधून काढते, फोन करून सांगते की बाई अमुक पोरगी येऊन रायली, इतका आठवडा आहे, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) इतकं आहे. आणि माझा नंबर कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून देते. तपासणी कुठंही करता येते ताई, सासरची का माहेरची असं काही नसते. तुमच्या वहिनीला परत पाठवलं ते चुकीचंच झालं. कार्ड विसरलं असेल तरी तपासायला पायजे होतं.

पोळ्याचं म्हणाल तर आमच्याकडे असंच सांगतात सगळ्या. तारीख कोणीच सांगत नाही. मारबतीच्या दिवशी, महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी, धान कापणीच्या आधी, मामाच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढते आणि तिथंच तारीख लिहून टाकते. २०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता, तान्हा पोळा ३ ला. त्यात ९ महिने ७ दिवस मिळवा, १० जून येते. म्हणजे तुमची वहिनी मे मधे सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास होती, आठवा नव्हता. हे एवढं गणित कार्डावर लिहिलेलं असते, पाळीची तारीख आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख, पहिल्याच भागात.

ड्युटीवर निघाले, रात्री अजून लिहिते.

लेबररूम_नाईट
सोमवार, दुपारी ३.४०

स्टाफ नर्स, नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं लेबर रूम केलीय. रेफर होऊन आलेली बाई रात्री दोनला दारात उतरते तेव्हा आमच्याकडे किती मिनिटं असतात त्याचा घरच्यांना अंदाज नसतो, म्हणून आम्ही कार्डात काय बघतो ते सविस्तर सांगते.

पहिली पाळीची तारीख. ती नसेल तर बाळ दिवसाचं आहे की कमी दिवसाचं हे ठरवायला अडचण, आणि औषधं, वाट बघायची की नाही, बाळाला लागेल ती तयारी, सगळं त्यावर असतं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावरून तारीख जास्त नेमकी कळते, म्हणून तो रिपोर्ट कार्डाच्या आतच ठेवा. प्रायव्हेटला सोनोग्राफी केली की ती फाईल वेगळी राहते, सरकारी कार्ड वेगळं, आणि रात्री दोन्हींपैकी एकच हाताशी येतं. सोनोग्राफीचा तो चकचकीत फोटो उन्हात उडून पांढरा होतो, तो नसला तरी चालेल पण टाईप केलेला रिपोर्ट सोडू नका.

दुसरं बीपी, आणि एकटा आकडा नको, सगळे आकडे हवेत. तुमच्या वहिनीचं तेच झालंय. १३६/८८ बघून कोणी दचकत नाही कारण धोक्याची रेष १४०/९० ची. पण तीच बाई सुरवातीला ११०/७० होती, मग १२२, मग १३६, म्हणजे चढत चाललीय, ही पुढच्या आठवड्यात परत बोलवायची बाई आहे. हे एका ओळीत लिहिलेले आकडे बघूनच कळतं. तोंडी सांगितलेल्या "नॉर्मल" मधून काहीच कळत नाही. म्हणून बायकांना सांगा, तपासून झालं की कार्ड पुढे करायचं आणि म्हणायचं, सिस्टर आकडा लिहून द्या. संकोच करू नका. गर्दीत आमच्याकडूनही राहून जातं, रजिस्टरमध्ये लिहिलं जातं आणि कार्ड कोरं जातं, मी स्वतः हे केलेलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पुन्हा लिहून मागणारी बाई मला कधीच त्रासाची वाटली नाही.

तिसरं एचबी. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली गेलं तर फार गंभीर, अशी बाई बाळंतपणाला साध्या ठिकाणी ठेवताच येत नाही, रक्ताची सोय लागते. मग रक्तगट, लघवीतलं प्रोटीन, साखर, आधीचं सिझर आहे का, आधीच्या बाळंतपणात रक्तस्राव झाला होता का, धनुर्वाताची इंजेक्शनं (आता टीटीच्या ऐवजी टीडी देतात). कार्डावर लाल स्टिकर असेल तर ती जोखमीची माता, ते लांबूनच दिसतं आम्हाला.

आणि आपल्या विदर्भात सिकलसेल. ही तपासणी झाली असेल तर निकाल कार्डात हवाच. बाई एएस (म्हणजे वाहक) असेल तर नवऱ्याची तपासणी करायची असते, दोघंही एएस निघाले तर प्रत्येक बाळाला एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार) व्हायची शक्यता चारात एक. आणि बाई स्वतः एसएस असेल तर तिच्या अंगदुखीकडे, तापाकडे, एचबीकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. पूर्ण बरी दिसणारी पोरगी कळांच्या ताणात एकदम खालावते, आणि आधीपासून माहीत असेल तर आम्ही तयारीत असतो.

मिहानकर
सोमवार, रात्री ९.०५

लेख वाचून वाईट वाटलं, बाळ-बाळंतीण ठीक आहेत हे महत्त्वाचं. पण एक प्रामाणिक प्रश्न. २०२५ मध्ये आपण कागदाच्या कार्डावर एवढं का अवलंबून राहतोय? सरकारच्या आरसीएच (माता-बाल आरोग्य) पोर्टलवर प्रत्येक गरोदर बाईची नोंद होते ना, आता तर आरोग्याच्या नोंदींसाठी १४ आकडी आभा नंबर पण आलाय. मी याच क्षेत्रात काम करतो, डेटा कुठूनही उघडता आला पाहिजे. कार्ड हरवतं, भिजतं, लॉकरात राहतं. मुळावरच उपाय करायला हवा असं मला वाटतं.

कन्हानकाठ
सोमवार, रात्री १०.३०

दादा तुमचं म्हणणं खोटं नाही पण आमच्याकडची गोष्ट सांगते. पोर्टलवर माहिती भरली जाते ती महिन्याचा रिपोर्ट वर जायला. तपासणी आज झाली तर ऑनलाइन चढायला आठ-पंधरा दिवस लागतात कधी कधी, सिस्टरकडे पाच-सहा गावं असतात. रात्री दवाखान्यात कोणी लॉगिन उघडून बसत नाही. आणि मोबाईल घरात एक, तो नवऱ्याजवळ, नवरा बुटीबोरीले रात्रपाळीत. नंबर दर सहा महिन्यांनी बदलते. देवलापारकडे माझी बहीण आशा आहे, तिथं कितीतरी गावात फोन लावायला टेकडीवर जावं लागते.

ऑनलाइन येऊ द्या, चांगलंच आहे. पण तोवर त्या पोरीजवळ कागद पायजे.

नरखेडकर
मंगळवार, सकाळी ८.५०

मी बाप झालोय मागच्या वर्षी, त्या अनुभवावरून एक छोटीशी गोष्ट. दर तपासणीनंतर बाहेर पडता पडताच, झाडाखाली, उजेडात, कार्डाच्या आईच्या बाजूचा सपाट ठेवून फोटो काढायचा आणि बायकोच्या फोनवर, तिच्या आईच्या घरच्या फोनवर आणि माझ्या, असा तिन्हीकडे टाकायचा. अर्धा मिनिट लागतो. धाग्यातल्या दादांना रात्री एकला झोपेतून उठून फोटो काढावा लागला, तेच दोन महिने आधी काढलेला असता तर. पण फोटोवर भरवसा ठेवून कार्ड घरी ठेवू नका, कारण पुढची तपासणी लिहायची कशावर? आमच्या सिस्टरने फोटोवर बघून आधीचं वाचलं पण नवीन नोंद चिठ्ठीवर दिली आणि ती चिठ्ठी हरवली.

मोगरा
मंगळवार, रात्री ११.५५

सगळे कार्ड जवळ ठेवा म्हणताय ते पटतंय. पण दुसरी बाजूही कोणीतरी सांगायला हवी म्हणून लिहिते, हा आयडी नवीन काढलाय.

माझं लग्नाआधी एकदा झालं होतं. नर्सने पहिल्या तपासणीत विचारलं आधी कधी राहिलं होतं का, मी खरं सांगितलं कारण डॉक्टरला खरं सांगावं असं आईने शिकवलंय. तिने कार्डात लिहिलं. दुसऱ्यांदा गरोदर, आधी एक गर्भपात, असं चौकटीत. घरी आल्यावर जावेने सहज कार्ड हातात घेतलं, तिचं नर्सिंगचं एक वर्ष झालेलं, तिला ते वाचता आलं. पुढे काय झालं ते लिहीत नाही. चार महिने मी माहेरी होते. आता ठीक आहे, नवरा चांगला आहे म्हणून ठीक आहे.

घरात ठेवायची वस्तू सगळं घर वाचतं. हे पण बोला ना तुमच्या बैठकीत.

लेबररूम_नाईट
बुधवार, दुपारी १.१५

मोगरा, तू लिहिलंस म्हणून आभार. तू खरं सांगितलंस ते बरोबरच केलंस. चूक कशात झाली तर तुला कोणी विचारलं नाही की हे कार्डावर लिहू का, कार्ड घरी कोण बघतं.

डॉक्टरला आधीच्या गरोदरपणाची माहिती लागते हे खरं. पण बाई एकटीला आत घेऊन विचारता येतं, आणि ती म्हणाली की हे घरी कळायला नको तर दवाखान्याच्या केसपेपरवर ठेवून कार्डावर न लिहिण्याबद्दल बोलता येतं. मात्र मग दुसऱ्या दवाखान्यात गेलं की तिने स्वतः तोंडी सांगायला हवं, हेही तिला समजावून सांगायला हवं. एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे, २०१७ चा, बाईच्या संमतीशिवाय निकाल उघड करता येत नाही. गर्भपात केलेल्या बाईची माहिती उघड करायलाही गर्भपाताच्या कायद्यात मनाई आहे, पण कार्डावर काय लिहायचं तिथे आम्हीच जपायला पाहिजे. मी आमच्या नवीन मुलींना हे शिकवते आता, पुढच्या वेळी शिकवताना तुझी गोष्ट माझ्या मनात असेल.

कन्हानकाठ
बुधवार, रात्री ९.४५

मोगरा ताई, मी तुमची पोस्ट तीनदा वाचली. आम्ही आशा लोक अंगणात उभं राहून, सासू-शेजारीण ऐकत असताना विचारत बसतो, मुलं किती, पडलं होतं का एखादं. उद्यापासून मी अंगणवाडीत बोलवून एकटीलाच विचारीन. याच्यासाठी कोणत्या ट्रेनिंगची गरज नव्हती, आम्हालाच सुचायला पायजे होतं.

भिवापुरी
गुरुवार, सकाळी ६.३०

आमच्या भागाचा एक मुद्दा राहिलाय. आमच्याकडून आणि खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडून बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, दोन-दोन महिने. त्यात पाचव्या-सहाव्या महिन्याच्या पण असतात, घरी बसून भागत नाही. उलट छत्तीसगडच्या बाया इकडे वीटभट्टीवर येतात. मी मुकादमासोबत हिशेबाचं काम करायचो तेव्हा पाहिलंय, ज्या बाईजवळ कार्ड होतं तिला तिथल्या नर्सने थांबवून तपासलं. कार्ड मराठीत, नर्स तेलुगू, पण आकडे तर दोघींनाही कळतात, बीपी बीपीच असतो. गोळ्या पण मिळाल्या. ज्यांचं कार्ड गावी राहिलं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, भाषा येत नाही म्हणून त्या दवाखान्यात गेल्याच नाहीत.

गाठोडं बांधताना आधार कार्ड पोलक्यात खोचतात बाया. त्याच्यासोबत हे पण खोचायला सांगा.

मिहानकर
गुरुवार, रात्री ८.२०

मी माझं म्हणणं थोडं बदलतो. दोन दिवस वाचत होतो या विषयावर. जपानसारख्या देशात १९४२ साली गरोदर बायांसाठी वही सुरू झाली, १९४८ मध्ये ती आई आणि बाळाची एकच वही झाली आणि अजूनही ती आईच्याच हातात असते. तंत्रज्ञान तिथे कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये गरोदर बाईने आपली नोंद स्वतःजवळ बाळगावी असंच सांगितलंय. आपल्याकडे आत्ताचं हे कार्ड आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन्ही खात्यांनी मिळून २०१० मध्ये आणलं, म्हणजे आईची तपासणी, बाळाची लस आणि अंगणवाडीतली वजनाची वाढ एकाच ठिकाणी यावी म्हणून. मला हे अर्धवट सोय वाटत होती, पण ते तसंच विचार करून बनवलेलं आहे.

रानमेवा, तुम्हाला बैठकीसाठी कार्डाच्या पानाचा मोठा प्रिंट हवा असेल तर सांगा, बॅनरच्या आकारात काढून काटोलच्या बसमध्ये देतो.

रानमेवा
पुढचा सोमवार, रात्री १०.४०

काल बैठक झाली. सगळ्यांचे किती आभार मानू. मिहानकर, तुमचा प्रिंट मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर लावला होता, लहान पोरं पण येऊन बघत होती.

मी आधी खूप बोलायचं ठरवलं होतं, कागदावर लिहून नेलं होतं. पण दहा मिनिटांत लक्षात आलं की बोलण्यापेक्षा कार्ड आणायला लावावं. गावात सध्या चारजणी पोटुशी आहेत, चौघी आल्या होत्या. एकीजवळ पिशवीत होतं. एक घरी पळत गेली आणि सासूकडून मागून आणलं. एकीचं मातृवंदनेच्या फॉर्मसोबत तालुक्याला कोणाकडे तरी गेलेलं आणि परतच आलेलं नाही, झेरॉक्स द्यायची असते हे तिला कोणी सांगितलंच नाही. चौथीचं मिळालंच नाही.

मग आमच्या आशाताईंनी एकेक रकाना वाचून दाखवला आणि सहाव्या महिन्याची एक पोरगी, फार कमी बोलणारी, तिच्या कार्डावर बोट ठेवून म्हणाली, "हे ९.८ होतं, आता ८.९ लिहिलं आहे, हे कमी झालं ना?" सगळ्या एकदम गप्प. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतः वाचलं. मग विचारल्यावर कळलं की लाल गोळ्या गादीखाली जमवून ठेवल्यात, कारण शी काळी होते आणि शेजारीण म्हणाली बाळ काळं होतं. आशाताईंनी तिथल्या तिथे समजावलं की शी काळी होणं लोहामुळे आहे, बाळाच्या रंगाशी संबंध नाही, एरवी गोळी रोज एक, १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, रक्त कमी असेल तर सिस्टर सांगतील तशा रोज दोन, चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. तिची सासू तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मले वाटे ह्या गोळ्या तिनं संपवल्या."

धोक्याच्या खुणा पण बोलले. डोकं ठणकणं, नजर धूसर होणं, अंगावर सूज, रक्त जाणं, पाणी जाणं, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यातली बरीचशी चित्रं कार्डावरच आहेत, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळतात. आमच्याकडे सहा बाळंतपणं घरीच केलेल्या एक आजी आहेत, त्या चित्रांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि फक्त एवढंच बोलल्या की माझ्या धाकट्या बहिणीले असंच झालं होतं. त्यांची ती बहीण बाळंतपणात गेली हे आईने मला घरी आल्यावर सांगितलं.

मोगरा, तुमचं नाव-गाव न घेता तुमचा मुद्दा पण मांडला. मी म्हटलं की कार्ड जिचं आहे तिच्या पिशवीत, आणि तिने दिल्याशिवाय कोणी उघडायचं नाही. दोन बायकांनी माना हलवल्या, बाकीच्या शांत होत्या. एका बैठकीत होण्यासारखं ते नाही.

आईने मात्र सगळ्यांसमोर उठून सांगितलं की लॉकरात मीच ठेवलं होतं.

लेबररूम_नाईट
मंगळवार, पहाटे ५.१०

८.९ वाल्या मुलीला महिनाभराने पुन्हा एचबी करायला लावा, आणि गोळ्या घेऊनही वाढत नसेल तर सिकलसेल झालंय का बघा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांना डॉक्टर बघतात, त्या दिवशी पाठवा. ज्या दोघींचं कार्ड हाती नाही त्यांना उपकेंद्रातून दुसरं करून घ्यायला सांगा, जुन्या नोंदी सिस्टरच्या रजिस्टरवरून उतरवून घेता येतात. नाईट संपतेय, घरी जाऊन झोपते आता.

रानमेवा
नऊ महिन्यांनी, रविवार, दुपारी ४.२०

धागा वर आणतेय. विचारणाऱ्यांसाठी: ८.९ वाली पोरगी बाळंत झाली, बाळंतपणाच्या वेळी एचबी १०.४ होतं. हरवलेल्या दोन्ही कार्डांच्या जागी नवीन मिळाली.

आणि आमची भाची नऊ महिन्यांची झाली. गोवर-रुबेलाची पहिली लस काल दिली. वहिनी कुहीला होती लग्नाला, तिथल्याच अंगणवाडीत जाऊन घेतली, काटोलला यायची वाट बघितली नाही. फोटो पाठवला तिने, बाळ रडतंय आणि तिच्या खांद्याला साडीच्या दुकानाचं झिपचं कव्हर लटकवलेलं, आतून कार्ड दिसतंय. आईने तो फोटो मला दोनदा दाखवायला लावला.